डागलेली माणसं: युद्धकवितेतल्या बधिरतेबद्दल

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. युद्धातून जिवंत परतलेल्या सैनिकांची ‘भावनिक बधिरता’ युद्धकवितेतून व्यक्त होते, असं तुमच्या एम.ए.च्या नोट्समध्ये लिहिलंय. मग ज्याला काही वाटतच नाही तो कविता लिहील कशाला, आणि त्याला वाटत नसताना ती वाचून तुम्हाला का भरून येतं? त्याखाली जरा संकोचानं दुसरा प्रश्न आहे. आजोबा १९६५च्या लढाईतून परतले, त्यांच्यावर कविता लिहायची आहे, पण लिहिलं की नाटकी होतं. मसुद्याच्या चार ओळीही तुम्ही दिल्यात.

मला हे दोन प्रश्न वाटत नाहीत, एकच आहे. मी बावीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी कविता शिकवली. युद्धकविता मराठीत आणायची खटपट त्याहून जुनी आहे. त्यामुळे उत्तर समीक्षकाचं नाही, ओळ हातात धरून बसलेल्या अनुवादकाचं आहे.

खरी अडचण अशी की कवितेचा सगळा व्यवहार भावनेचा, आणि बधिरता म्हणजे भावनेची गैरहजेरी. गैरहजेरी दाखवायची कशी? मास्तरकीतला अनुभव सांगतो: हजेरीपटावर नाव असतं म्हणून गैरहजेरी लागते. नाव पुकारायचं, क्षणभर थांबायचं, कुणी ‘हजर’ म्हणत नाही. चांगली युद्धकविता हेच करते. जिथे दुःख यायलाच हवं असा प्रसंग ती समोर आणते, दुःखाचं नाव पुकारते, आणि उत्तर येत नाही. त्या शांततेत वर्गातली बाकी पोरं जशी मागे वळून बघतात, तसे आपण बघतो. भरून येतं ते आपल्याला, कवितेतल्या माणसाला नाही.

अर्थात बधिरता एकाच जातीची नसते. चालू लढाईत आलेली वेगळी, ती ढालीसारखी असते. घरी परतल्यावर वीस वर्षांनी उरलेली वेगळी, तिथे लढाई संपलेली असते पण ढाल हातातून सुटत नाही. आणि कवी स्वतः त्या अवस्थेत आहे की शेजारच्या माणसाची पाहून लिहितोय, यानेही पुष्कळ फरक पडतो. म्हणून ‘युद्धकविता बधिरता अशी दाखवते’ असा एक नियम माझ्याकडे मागू नका. पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी सिगफ्रीड ससून, त्याच्या १९१७च्या कवितांत मोडलेली, अडखळत बोलणारी पोरं आहेत, पण त्यांच्यामागे कवीचा संताप एवढा धगधगतो की त्यांना मी बधिरतेच्या कविता म्हणणार नाही. त्या रागाच्या कविता आहेत, आणि राग म्हणजे अजून बरंच काही शाबूत आहे.

आपल्या रसशास्त्रात याला जागा कुठे, हा प्रश्न मला विद्यार्थी नेहमी विचारत. वीररस? त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी टिकून राहणारा भाव, उत्साह; तो इथे नाही. करुण? त्याला शोक लागतो, आणि शोकच तर हजर नाही. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरताच्या यादीत तेहतीस व्यभिचारी भाव आहेत, त्यात एक ‘जडता’ आहे. इष्ट किंवा अनिष्ट काही पाहिल्या-ऐकल्यानं माणसाला काहीच सुचेनासं होतं. तो बोलत नाही, पापणी न लववता पाहत राहतो. हुबेहूब. फक्त एक गोष्ट चुकते: व्यभिचारी भाव येतो आणि जातो. पाहुणा असतो तो. या कवितांमध्ये पाहुणा आलाय आणि त्यानं घराचा ताबा घेतलाय. जडता इथे स्थायी होऊन बसलीय, आणि शास्त्राकडे तिचा रस नाही. मला वाटतं, विसाव्या शतकातल्या या कवींना नवं काय शोधावं लागलं, याचं उत्तर इथेच आहे.

आता विल्फ्रेड ओवेन, ससूनसारखाच पहिल्या महायुद्धातला इंग्रज सैनिक-कवी. तुम्ही विचारलंय की त्याची ‘इन्सेन्सिबिलिटी’ (म्हणजे बधिरताच) ही कविता प्रातिनिधिक आहे का. आहे, आणि मी तिथेच जास्त वेळ काढणार आहे.

१९१७च्या शेवटच्या दिवशी ओवेननं आईला पत्र लिहिलं. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एताप्लच्या छावणीत वर्षभरापूर्वी पाहिलेले चेहरे त्याला आठवत होते. कत्तलीआधी काही दिवस जनावरं ठेवतात तशा कोंडवाड्याची उपमा त्यानं त्या छावणीला दिली. तिथल्या चेहऱ्यांवर एक विचित्र भाव होता. ती निराशा नव्हती, भीतीही नव्हती. भीतीपेक्षा भयंकर, डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखा, मेलेल्या सशाच्या नजरेसारखा. हे कधी कुणाला रंगवता येणार नाही, कुठल्या नटाला पकडता येणार नाही, आणि याचं वर्णन करायचं तर मला परत जाऊन त्यांच्यातच राहावं लागेल, असं तो म्हणतो. नटाला जमणार नाही! भरतानं जडतेचा अभिनय सांगितला, आणि हा चोवीस वर्षांचा पोरगा म्हणतो की याचा अभिनयच होत नाही.

हे लिहिणारा स्वतः एकदा वाचलेला होता. १९१७च्या वसंतात तोफगोळ्याच्या स्फोटानंतर तो खचला, एडिनबरातल्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात महिनोन्महिने राहिला, ससून त्याला तिथेच भेटला. १९१८मध्ये तो पुन्हा आघाडीवर गेला आणि ४ नोव्हेंबरला, युद्धविरामाच्या बरोबर आठवडाभर आधी, मारला गेला. वय २५.

‘इन्सेन्सिबिलिटी’ची पहिली ओळ म्हणते: मरण्याआधीच ज्यांना आपल्या नसा गार पडू देता येतात ती माणसं ‘हॅपी’. मी पहिल्या खर्ड्यात ‘सुखी ती माणसं’ असं केलं आणि वर्षभर समाधानात होतो. मग लक्षात आलं की हा घाट डोंगरावरच्या प्रवचनाचा आहे, ‘धन्य ते’ असं म्हणत जाणारा. येशूनं शोक करणाऱ्यांना धन्य म्हटलं. ओवेन शोक न करू शकणाऱ्यांना म्हणतो. ‘सुखी’ म्हटलं की उपरोध उरतो, ‘धन्य’ म्हटलं की आशीर्वादाच्या साच्यात शाप ओतल्यासारखा होतो. एका शब्दानं सगळी कविता तिरकी होते.

पुढे तो म्हणतो, ज्यांची कल्पनाशक्ती हरवली तेही धन्य, दारूगोळ्याचं ओझं काय कमी आहे? सगळं लाल पाहून झालं, आता रक्ताच्या रंगानं डोळे दुखत नाहीत. त्यांच्या संवेदना लढाईच्या ‘कॉटरी’नं जाळल्या आहेत, जखम जाळून बंद करावी तशा. इथे मराठीनं मला न मागता दान दिलं. जनावराला वैदू डाग देतो ते डागणं, आणि तोफ उडवतात तेही डागणंच. एकाच क्रियापदात हत्यार आणि उपचार. इंग्रजीत ओवेनला दोन शब्द लागले असते.

आता कानाकडे या. ही कविता यमकात नाही आणि मुक्तही नाही. तिच्या ओळींच्या शेवटी व्यंजनं जुळतात, स्वर जुळत नाहीत: किल्ड आणि कोल्ड, रेड आणि रिड. यमक म्हणजे कानाला दिलेलं वचन. इथे ते अर्धंच पाळलं जातं. आरतीत टाळी एका मात्रेनं चुकत राहावी तसं होतं. गाणं थांबत नाही, पण अंगात भरतही नाही. ‘मी बधिर झालो’ असं कुठेही न म्हणता कानाला बधिरता देण्याची ही युक्ती आहे. मराठीत हे जमतं का? जमतं. रक्त आणि रिक्त. वीर, वार, वैर. दार, दूर, दोर. फक्त पाठोपाठ लावले तर ते चमत्कृती होतात आणि श्रोते ‘वा!’ म्हणतात. वा आली की कविता गेली. दोन-तीन ओळींचं अंतर ठेवावं लागतं, म्हणजे कानाला काहीतरी खटकतं पण काय ते सापडत नाही.

आणखी एक जोडी मला फार महत्त्वाची वाटते: शेलिंग आणि शिलिंग. तोफांचा मारा आणि हातावर पडणारा पगार. कुणावर गोळा पडेल हे नशिबाचं विचित्र गणित आपल्या पगाराच्या हिशेबापेक्षा सोपं वाटतं, असं तो म्हणतो. बधिर माणूस अश्रूंच्या भाषेत बोलत नाही, हिशेबाच्या भाषेत बोलतो. ही खूण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शेवटच्या भागात कविता वळते आणि ‘धन्य’चं ‘धिक्कार’ होतं. कुठल्याही तोफेनं न हादरणारे, घरी बसून स्वेच्छेनं दगड झालेले लोक, त्यांना तो शाप देतो. हा भाग पुष्कळांना उपदेशपर वाटतो. मला नाही वाटत, कारण त्याशिवाय आधीचे पाच भाग नुसतं निदान राहिले असते. सैनिकाची बधिरता त्याच्यावर लादलेली आहे. नागरिकाची त्यानं निवडलेली आहे. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात, आणि ओवेनला ते सहन होत नाही.

ही निवड-लादणुकीची रेघ किती बारीक आहे, हे त्याच्या नंतरच्या एका पत्रात दिसतं. ऑक्टोबर १९१८, ससूनला लिहिलेलं. शेजारचा पोरगा डोक्यात गोळी लागून अर्धा तास त्याच्या अंगावर पडून होता, खांदा भिजत होता. ओवेन लिहितो, माझ्या संवेदना जळून कोळसा झाल्यात. हिंमत झाली की मी पुन्हा अनुभवेन, पण आत्ता नाही, आत्ता चालणार नाही. आणि मग: त्यांच्या पत्रांवर ‘मयत’ असं लिहिताना मी तोंडातली सिगारेटसुद्धा काढत नाही.

या पत्रातली सिगारेट मी वर्गात दरवर्षी शिकवली. ‘चालणार नाही’ हे वाक्य बधिरतेची व्याख्या सांगतं: तिथे काही नाही असं नव्हे, तिथे हात लावायचा नाही. पण बधिरता दिसते ती सिगारेटमध्ये. (हाच माणूस आघाडीवर परत जाताना टागोरांच्या गीतांजलीतली निरोपाची ओळ बोलला होता, मी जे पाहिलं ते अतुलनीय आहे अशा अर्थाची. त्याच्या आईनं १९२०मध्ये टागोरांना पत्र लिहून हे कळवलं. काही आठवड्यांत ‘अतुलनीय’पासून ‘कोळसा’पर्यंत.)

माझी एक फजिती सांगतो. ‘इन्सेन्सिबिलिटी’चा माझा जुना अनुवाद मी एका गावच्या वाचनालयात वाचला होता. त्यात ‘काळीज विदीर्ण’, ‘अश्रूही आटले’ असा सगळा माल होता. श्रोत्यांत एक निवृत्त हवालदार बसले होते. संपल्यावर चहा घेताना म्हणाले, “सर, एवढं वाटत असतं तर दुसऱ्या दिवशी उठलोच नसतो.” घरी येऊन मी सगळी विशेषणं काढली. कविता दोन-तृतीयांश उरली आणि पहिल्यांदा मला माझ्याच अनुवादाची भीती वाटली.

इथपर्यंतचं एका वाक्यात: भावना येण्याची जागा तयार करायची, ती येऊ द्यायची नाही, आणि तिच्या जागी एखादी कृती, एखादा हिशेब किंवा अर्धवट जुळलेला ध्वनी ठेवायचा. आता याच्या दोन वेगळ्या तऱ्हा पाहा, कारण सगळे ओवेनसारखे लिहीत नाहीत.

इटलीचा उंगारेत्ती साधा पायदळातला सैनिक होता, कार्सोच्या पठारावर ऑस्ट्रियाविरुद्ध लढलेला. त्याचं पहिलं पुस्तक १९१६मध्ये उदिने इथे छापलं गेलं, प्रती फक्त ८०. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खंदकात लिहिलेल्या एका कवितेत तो आपल्या रडण्याला सान मिकेले डोंगराच्या दगडाची उपमा देतो. इतकं थंड, इतकं कठीण, इतकं शुष्क, इतकं निष्प्राण, आणि म्हणून न दिसणारं रडणं. एकेका ओळीत एकदोनच शब्द, धाप लागलेल्या माणसासारखे. मी ‘कातळ’ असं भाषांतर करून मोकळा झालो होतो. मग कळलं की कार्सो चुनखडीचा आहे. तिथे पाऊस पडतो पण वर पाणी ठरत नाही, दगडातून खाली जातं आणि नद्या जमिनीखालून वाहतात. म्हणजे दगड कोरडा आहे तो पाणी नाही म्हणून नव्हे. आपल्या घाटावरच्या काळ्या कातळात ही गोष्ट येत नाही. कोकणी किंवा गोव्याच्या वाचकाला जांभा म्हटलं तर पाणी पिणारा दगड पटकन कळेल, पण जांभ्याचा तांबडा उबदारपणा मला नको होता. शेवटी ‘पाणी गिळलेला दगड’ केलं. अजून पूर्ण समाधान नाही.

दुसरा पोलंडचा तादेउश रुझेविच. दुसऱ्या महायुद्धात भूमिगत सैन्यात लढला. मोठा भाऊ, तोही कवीच, १९४४मध्ये गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या हातून मारला गेला. १९४७च्या संग्रहात त्याची ‘वाचलेला’ अशा अर्थाच्या शीर्षकाची कविता आहे. माझं वय चोवीस, कत्तलीकडे नेत होते, वाचलो. एवढंच, एखाद्या अर्जात माहिती भरावी तसं. पुढे तो म्हणतो की माणूस आणि जनावर, प्रेम आणि द्वेष, मित्र आणि शत्रू, अंधार आणि उजेड हे शब्द आता पोकळ आणि समानार्थी आहेत. ओवेनचं यमक मोडलं होतं, इथे शब्दकोशच मोडलाय. त्याला कुणीतरी शिकवणारा हवा आहे, जो दृष्टी, श्रवण, वाणी परत देईल आणि वस्तूंची नावं पुन्हा सांगेल. मी आधी ‘गुरू’ लिहिलं, पण आपल्याकडे ‘गुरू’ म्हटलं की लगेच अभंगाचा वास येतो. ‘मास्तर’ केलं. त्याला मोक्ष नको आहे, त्याला पहिलीच्या वर्गात परत बसायचंय. आणि कविता संपते ती सुरुवातीच्याच ओळींवर. चोवीस वर्षं, कत्तल, वाचलो. मधल्या सगळ्या बोलण्यानं काहीच हललं नाही.

हिशेबाची खूण म्हणालो होतो, तिच्याकडे येतो. पानिपतानंतर नर्मदेपाशी नानासाहेब पेशव्यांच्या हाती लागलेला सावकारी निरोप आपल्याला शाळेपासून पाठ आहे: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. ती सांकेतिक भाषा होती, बधिरता नव्हे, हे मान्य. तरी ‘खुर्दा’ या शब्दापाशी जे होतं ते कुठल्याही विलापिकेत होत नाही. सातारा, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी आहे. या गावातून इतके जण युद्धावर गेले, १९१४ ते १९१९, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, नाव एकही नाही. जे परत आले त्यांचा आकडा तर पाटीवर नाहीच, वजाबाकी आपण करायची. तुमच्या विषयातली सगळी माणसं त्या वजाबाकीत राहतात.

याच्या उलट वॉशिंग्टनचं व्हिएतनाम स्मारक: काळा गुळगुळीत ग्रॅनाइट आणि त्यावर सगळी नावं. अमेरिकन कवी युसेफ कोमुन्याका त्या युद्धात सैन्याच्या वृत्तपत्रासाठी काम करत होता, आणि त्याबद्दलच्या कविता त्यानं पुष्कळ वर्षांनी लिहिल्या. स्मारकासमोर तो स्वतःला बजावतो की रडायचं नाही, मी दगड आहे. आणि लगेच, मी मांस आहे. ५८,०२२ नावं तो वाचत जातो, आपलंही नाव सापडेल अशा अर्ध्या अपेक्षेनं. परतलेला माणूस मेलेल्यांच्या यादीत स्वतःला शोधतो. यावर मी वर्गात कधी काही बोललो नाही, नुसती वाचत असे.

तुमच्या नोट्समध्ये आयरिश कवी येट्सचा आक्षेप आहे, त्यावर थोडक्यात. १९३६च्या त्याच्या संकलनात त्यानं ओवेनला घेतलं नाही. निमूट सोसणं हा कवितेचा विषय होत नाही, असं त्याचं म्हणणं. परीक्षेत त्याला मूर्ख ठरवू नका. डफावर थाप पडली की पोवाड्याला उत्साह लागतो, आणि तो ज्या परंपरेतून बोलतोय तिलाही. बधिर माणूस त्या डफावर नाचणार नाही हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. त्याला डफाशिवाय कविता ऐकू आली नाही, एवढंच.

आता तुमचा मसुदा. ‘त्यांच्या काळजात अजून तोफा धडधडतात’ ही ओळ काढा. ती तुम्हाला वाटलेली आहे, त्यांना नव्हे, आणि ती शंभर कवितांत येऊन गेली आहे. ‘डोळ्यांत गोठलेले अश्रू’ही काढा. तुमच्याकडे याहून फार चांगला ऐवज आहे, पण तो तुम्ही कवितेत न घालता माझ्यासाठी माहिती म्हणून खाली लिहिलाय. आजोबा रोज पहाटे अंथरुणाची घडी इतकी चौकोनी घालायचे की आजी त्यावर हसायची. पेन्शनच्या तारखेला न चुकता दाढी करून तालुक्याला जायचे. दिवाळीत फटाके सुरू झाले की उठून गोठ्यात जायचे आणि दार लावून घ्यायचे.

घडी, तारीख, दार. ही तीनच घ्या. विशेषण एकही नको, आणि ‘जणू’ तर नकोच. क्रम मात्र असाच ठेवा, म्हणजे पहिल्या दोन ठिकाणी वाचक आजीबरोबर हसेल. गोठ्यात ते काय करायचे हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा तुम्हालाही ठाऊक नसावं. कल्पनेनं भरू नका. दार लावलं तिथे कविता थांबवा, बाहेर फटाके वाजू देत.